इसार घेऊन मालक फिरला तर

बापू, आपल्या दिग्रसात घराचा सौदा अजूनही इसारचिठ्ठीवर होतो. मुदत जवळ आली की मालक म्हणतो, "बहीण सही देत नाही, इसार परत घ्या." बहुतेक वेळा दुसऱ्या गिऱ्हाइकानं चढा भाव सांगितलेला असतो. अशा वेळी भांडू नकोस, आणि तो इसार परत घेऊही नकोस. घेतलास तर सौदा दोघांनी मिळून मोडला असं तो उद्या कोर्टात म्हणेल.

विक्रीची ठरलेली तारीख आली की उरलेली रक्कम बँक खात्यात ठेव आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जा. मालक येणार नाही हे ठाऊक असलं तरी जा. हजर असल्याचा अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घे, त्याच दिवशीचं प्रतिज्ञापत्र कर, बँकेचा उतारा जपून ठेव. हे एवढ्या आग्रहानं सांगतो, कारण कोर्ट खरेदीदाराला विचारतं : पैसे तयार होते का, आणि शेवटपर्यंत घर घ्यायचंच होतं का? मुंबईहून गेलेल्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं १९२८ साली हीच अट घातली होती. कर्ज काढणार असशील तर मंजुरीपत्र तारखेआधी हातात हवं. 'कापूस विकला की देतो' असं म्हणणाऱ्याचा दावा तिथंच लंगडा पडतो.

मग वकिलाकडून नोटीस, पोचपावतीसह. तरीही तो आला नाही तर सौदा पुरा करून मागण्याचा दावा; त्याला ठरल्या तारखेपासून तीन वर्षं मिळतात. तारीखच लिहिली नसेल तर नकार कळल्यापासून. पण तीन वर्षं आहेत म्हणून बसून राहू नकोस, तेवढ्यात घर तिसऱ्याच्या नावावर होतं. दाव्यासोबत मनाईहुकूम माग आणि दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदव. पूर्वी सौदा पुरा करून द्यायला लावायचा की नाही, हे बरंचसं न्यायाधीशाच्या मर्जीवर असे. १ ऑक्टोबर २०१८ पासून कायदा खरेदीदाराच्या बाजूनं पक्का झाला. तरी विक्री नाहीच मिळाली तर इसार व्याजासह मिळावा, ही पर्यायी मागणी दाव्यात लिहायला लाव. मागितलं नाही तर कोर्ट आपण होऊन देत नाही.

सौदा अजून व्हायचा असेल तर चिठ्ठीऐवजी नोंदणीकृत करारनामाच कर. इसार चेकनंच दे; वीस हजार किंवा त्यावर रोख घ्यायला कायद्यानं बंदी आहे. आणि घर वडिलोपार्जित असेल तर मालकाच्या बहिणींच्या सह्या पहिल्याच दिवशी घे.