पोट लहान झाले, आता मनाचे काय? : वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार आणि इस्लामची शिकवण

मानवाचे शरीर ही त्याची खासगी मालमत्ता नाही. ती अल्लाहने ठरावीक मुदतीसाठी सोपविलेली अमानत आहे. डोळे, कान आणि हात-पाय यांच्याविषयी जसा परलोकात जाब द्यावा लागेल, तसाच आपण पोटात काय आणि किती भरले याविषयीही द्यावा लागेल. कमाई हलाल असावी, अन्न हलाल असावे, याची चिंता आपण करतो आणि ती करायलाच हवी. परंतु हलाल अन्नालाही एक मर्यादा आहे, हे मात्र आपल्या दस्तरखानावर बहुधा विसरले जाते. सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीत खाण्यापिण्याची परवानगी आणि अतिरेकाची मनाई या दोन्ही गोष्टी एकत्रच आल्या आहेत. परवानगी तेवढी लक्षात ठेवून मनाई सोडून देणे हे आज्ञापालन नव्हे.

आज अनेक कुटुंबांत मधुमेह, उच्च रक्तदाब, गुडघेदुखी आणि झोपेत श्वास अडखळण्याचा विकार यांनी त्रस्त झालेल्या व्यक्ती डॉक्टरांच्या सल्ल्याने वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतात. अशी शस्त्रक्रिया करून घेतलेल्या बंधुभगिनींसाठी आणि तितक्याच आग्रहाने त्यांच्या घरच्या माणसांसाठी हा लेख आहे.

शस्त्रक्रिया करणे योग्य आहे काय?

प्रत्येक रोगावर अल्लाहने इलाज ठेवला आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सहीह बुखारीत नमूद आहे. उपचार घेणे हे तवक्कुलच्या, म्हणजे अल्लाहवरील भरवशाच्या, विरोधात जात नाही. २००७ साली मलेशियातील पुत्राजाया येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनातही याचा विचार झाला. वजन हेच आजाराचे रूप घेत असेल, अन्य उपाय उरला नसेल आणि अपायाचे भय नसेल, तर शस्त्रक्रियेचा मार्ग वैध आहे, असा निर्णय तेथे देण्यात आला. केवळ दिखाव्यासाठी शरीराला सुरी लावणे ही वेगळी बाब आहे. तेव्हा ज्याने गरजेपोटी आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने हा मार्ग पत्करला, त्याला 'खाण्यावर ताबा नव्हता म्हणून पोट कापून घेतले' असे टोमणे मारणे पाप आहे. एकमेकांची टर उडविण्यास सूरह अल-हुजुरातच्या ११ व्या आयतीत स्पष्ट मनाई आहे.

शस्त्रक्रियेने काय बदलते, काय बदलत नाही?

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार आपल्याकडे अधिक प्रचलित आहेत. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळीच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. 'बायपास' प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलीलीटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. ज्या जठरात एरवी एक ते दीड लिटर अन्नपाणी मावत असे, तेथे आता काही घास मावतात. भूकही काही काळ मंदावते.

परंतु शल्यचिकित्सकाची सुरी जठरापर्यंतच पोहोचते, नफ्सपर्यंत पोहोचत नाही. खाण्याची जुनी ओढ, दुःखात गोड खाण्याची सवय, मेजवानीतील हावरेपणा या गोष्टी शस्त्रक्रियेच्या टेबलावर सुटत नाहीत. पहिल्या वर्ष-दीड वर्षात वजन झपाट्याने उतरते. त्यानंतर जठराची क्षमता थोडी वाढते, भूक परतते आणि त्याच वेळी खरी परीक्षा सुरू होते. घट्ट अन्न मावत नाही म्हणून शरबत, मिठाई, आइस्क्रीम, चिप्स असे सहज घसरणारे पदार्थ दिवसभर थोडे थोडे खात राहिले, तर लहान पोटातूनही भरपूर कॅलरी आत जातात आणि उतरलेले वजन परत चढते. शस्त्रक्रियेने आपल्याला एक संधी दिली आहे. तिचा उपयोग करून घेणे आपल्याच हाती आहे.

मापाचा धडा

हजरत मिकदाम बिन मअदीकरिब (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस जामे तिरमिजीत आहे. तिचा आशय असा की, माणूस भरतो त्या भांड्यांत पोटाहून वाईट भांडे नाही. पाठ ताठ ठेवतील एवढे घास त्याला पुरेसे आहेत. अधिक खाणे भागच असेल, तर एक तृतीयांश अन्नासाठी, एक तृतीयांश पाण्यासाठी आणि एक तृतीयांश श्वासासाठी असावा.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. डॉक्टर तर जेवताना पाणी पिऊ नका असे सांगतात, मग हदीसमधील पाण्याच्या हिश्श्याचे काय? उत्तर सोपे आहे. हदीसमध्ये 'अधिक खाणे भागच असेल तर' अशी अट आहे. म्हणजे एक तृतीयांश ही कमाल मर्यादा आहे, दर जेवणात गाठायचे उद्दिष्ट नव्हे. त्याच घटकेला पाणी प्यालेच पाहिजे असा आदेशही तेथे नाही. शिकवणीचा गाभा हा की पोट काठोकाठ भरू नये. लहान जठरात पाणी आणि अन्न एकाच वेळी गेले तर उलटी होते, किंवा अन्न पुढे ढकलले जाऊन लवकर भूक लागते. म्हणून जेवणानंतर सुमारे अर्धा तास थांबून घोट घोट पाणी प्यावे. थांबून, श्वास घेत पाणी पिणे ही तर सुन्नतच आहे.

आता प्रत्यक्ष मापाकडे वळू. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस पातळ पेये, मग दूध व गाळलेले सूप, मग लगद्यासारखे अन्न, त्यानंतर मऊ अन्न आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न असा क्रम असतो. हा क्रम उतावीळपणे मोडणे म्हणजे ताज्या टाक्यांवर ताण देणे होय. लगद्याच्या टप्प्यात एका वेळी दोन ते चार चमचे अन्न पुरते. पुढे हळूहळू अर्धी वाटी आणि वर्षभराने साधारण एक वाटी, असे माप स्थिर होते. दिवसाच्या कॅलरीही पहिल्या काही महिन्यांत फार कमी असतात. वर्षानंतर अनेकांसाठी त्या १,००० ते १,२०० च्या आसपास ठरविल्या जातात. आपला नेमका आकडा आपल्या आहारतज्ज्ञाकडूनच घ्यावा. वय, उंची, श्रम आणि शस्त्रक्रियेचा प्रकार यांनुसार तो बदलतो.

जागा थोडी असल्यामुळे तिच्यात आधी काय ठेवायचे हे ठरवावे लागते. पहिला मान प्रथिनांचा आहे. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळाली नाहीत, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, केस गळतात आणि अशक्तपणा येतो. एका उकडलेल्या अंड्यात सुमारे ७५ कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिने असतात. याउलट एक मोठा चमचा तेल किंवा तूप सुमारे १२० कॅलरी देते आणि प्रथिने मुळीच देत नाही. तळलेल्या एका मोठ्या समोशात दोन-तीन अंड्यांहून अधिक कॅलरी असतात. म्हणून ताटात आधी मासळी, कोंबडी, अंडे, डाळ, दही किंवा पनीर, मग भाजी आणि शेवटी जागा उरली तर अर्धी चपाती किंवा दोन चमचे भात, हा क्रम ठेवावा. लहान वाटी आणि लहान चमचा घ्यावा, घास वीस-पंचवीस वेळा चावावा, जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्यावीत. पोट भरल्याची पहिली जाणीव होताच हात थांबवावा. पुढचा एक घास हा अतिरेकाचा घास ठरू शकतो.

विशेषतः बायपासनंतर गोड पदार्थ वेगाने आतड्यात उतरतात. त्यामुळे छातीत धडधड, घाम, पोटात मुरडा, चक्कर असा त्रास होतो. ईदचा शीरखुर्मा चाखायचा तर दोन चमच्यांपुरताच, तोही जेवणानंतर आणि आपले शरीर तो सोसते काय हे पाहून.

कमी खाणेही अतिरेक होऊ शकते

काही जण वजन वाढण्याच्या भीतीने जेवणच टाळतात, औषधे सोडतात. हाही अन्यायच आहे. हजरत सलमान (रजि.) यांनी हजरत अबू दर्दा (रजि.) यांना, तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे, असे समजावले आणि प्रेषित (स.) यांनी त्यांचे म्हणणे खरे ठरविले. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व यांच्या गोळ्या या शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर घ्याव्या लागतात. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. कॅप्सूलच्या जिलेटिनविषयी शंका असेल तर गोळी, द्रव औषध किंवा वनस्पतिजन्य वेष्टन मागून घ्यावे. शंकेपोटी औषधच बंद करू नये. उलट्या थांबत नसतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण त्यातून बी-१ ची कमतरता होऊन मज्जासंस्थेला कायमची इजा होऊ शकते.

रमजानचे रोजे

सर्वांत नाजूक प्रश्न रोजाचा आहे. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव घोटाघोटाने घ्यावे लागते. मगरिबपासून फजरपर्यंतच्या रात्रीत तरावीह आणि झोप सांभाळून एवढे पाणी व ६० ग्रॅम प्रथिने लहान जठरात बसविणे सुरुवातीच्या काळात बहुतेकांना अशक्य असते. पाणी कमी पडले तर मूत्रपिंडाला धोका पोहोचतो. म्हणूनच अनेक तज्ज्ञ पहिले सहा महिने ते एक वर्ष रोजे टाळण्याचा सल्ला देतात. आजाऱ्याने रोजे नंतरच्या दिवसांत पूर्ण करावेत, अशी सवलत सूरह अल-बकराच्या १८४ व १८५ व्या आयतींत आहे आणि अल्लाहला आपल्यासाठी सुलभता हवी आहे, हेही तेथेच आले आहे. प्रकृती सुधारण्याची आशा असेल तर नंतर कजा करावी. आशाच नसेल तर फिदया द्यावा. आपली स्थिती कोणती हे डॉक्टर सांगतील आणि तिचा शरई हुकूम आलिमांना विचारावा. सवलत घेताना मन खाऊ नये. सवलत देणाराही तोच आहे, ज्याने रोजा फर्ज केला.

पुढे परवानगी मिळाल्यावर इफ्तार एका खजुराने करावी. तेवढेही गोड सोसत नसेल तर पाण्याचे काही घोट पुरेत, कारण खजूर नसताना प्रेषित (स.) पाण्याच्या घोटांनीच रोजा सोडत असत. भजी आणि शरबताने ती लहानशी जागा अडवू नये. सहरी मात्र टाळू नये.

घरच्यांची आणि यजमानांची जबाबदारी

आपल्याकडे पाहुण्याच्या ताटात न विचारता वाढणे हे प्रेम समजले जाते. 'माझ्यासाठी एवढे तरी घ्या' हा आग्रह निरोगी माणसाला जड जातो. शस्त्रक्रिया झालेल्याला तो उलटीपर्यंत नेतो. ज्याला चार घास पुरतात त्याला पाचवा घास भरविणे हे आदरातिथ्य नसून त्रास देणे आहे. वलीम्यात अशा पाहुण्याला लहान ताटली द्यावी, वाढण्याआधी विचारावे आणि त्याने हात आवरल्यावर कारण विचारू नये. पाहुण्यानेही आधीच थोडे वाढून घ्यावे, म्हणजे ताटात अन्न वाया जाणार नाही. दोघांचे जेवण तिघांना पुरते ही शिकवण सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये आहे. ज्या घरात एकाचे ताट लहान झाले, तेथे उरलेला वाटा शेजारच्या गरजूकडे जाऊ शकतो.

घरात एकासाठी उकडलेले आणि बाकीच्यांसाठी तेलात पोहणारे, असे दोन स्वयंपाक चालले तर रुग्ण एकटा पडतो. सगळ्या घराने तेल-साखर कमी केली, तर त्याला आधार मिळेल आणि मुलांना उद्या त्या शस्त्रक्रियेची वेळ कदाचित येणारही नाही.

वाचकहो, शस्त्रक्रिया झालेल्याला मर्यादा ओलांडताच शरीर तत्काळ ताकीद देते. आपल्यापैकी ज्यांना ती ताकीद मिळत नाही, त्यांच्यासाठी कुरआनची आज्ञा आणि प्रेषितांची सुन्नत आहे. रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराच्या कर्मांचा हिशेब घेताना ताटाचाही हिशेब घ्यावा. किती घास गरजेचे होते आणि किती केवळ हौसेचे, हे स्वतःला विचारावे. बिस्मिल्लाहने हात पुढे करणे जितके महत्त्वाचे, तितकेच वेळेवर अल्हम्दुलिल्लाह म्हणून तो मागे घेणेही महत्त्वाचे आहे.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो, या अमानतीची काळजी घेण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो आणि अतिरेकापासून आपले रक्षण करो. आमीन.