चला, सहल आखू या

मुलांनो, उर्दूत ‘सहल’ म्हणजे सोपे. मराठीत ‘सहल’ म्हणजे सैर. आणि मराठीतली ही सहल उर्दूतल्यासारखी सहल मुळीच नसते! वर्गात नुसता विषय निघाला की कोण कुणाजवळ बसणार आणि डब्यात काय आणणार, हे पाच मिनिटांत ठरते. पैसे किती लागतील, उशीर झाला तर काय करायचे, एखादा मागे राहिला तर त्याला शोधायला कोण जाणार, हे मात्र कुणीच ठरवत नाही. आज आपण तेच ठरवू या.

उदाहरणासाठी खोपोलीच्या उर्दू शाळेतील नववीचा एक वर्ग घेऊ. वर्गात ४० मुले-मुली आहेत आणि बरोबर तीन शिक्षक येणार आहेत. तुम्ही भिवंडीला, मालेगावला किंवा अकोल्याला राहत असाल तर गावांची नावे बदला. पद्धत तीच राहील.

कुठे जायचे? कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके डोंगरांचे, ओढ्यांचे आणि धरणांचे. कुणी म्हणेल, जुलैमध्ये धबधब्यावर जाऊ. माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. पावसाळ्यात येथील ओढे पाहता पाहता फुगतात. प्रशासन धरणांवर आणि धबधब्यांवर बंदीहुकूम काढते, तो उगीच नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपलेली माणसे मातीखाली गाडली गेली. त्या डोंगराच्या कुशीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनाही जे कळले नाही, ते एका दिवसाच्या पाहुण्याला काय कळणार? म्हणून महिना डिसेंबर किंवा जानेवारी. तारीख धरताना रमजान, परीक्षा आणि जुम्मा पाहून घ्या. शनिवार-रविवारी गर्दी असते. मंगळवार किंवा बुधवार बरा.

ठिकाण म्हणून माथेरानचा शार्लोट तलाव निवडू. माथेरान कर्जत तालुक्यातच आहे. उंची सुमारे ८०० मीटर. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट येथे आले आणि थंड हवेचे ठिकाण म्हणून माथेरानचे नाव झाले. दाट झाडीतून लाल मातीची वाट तलावाकडे उतरते. काठावर पिसारनाथाचे देऊळ आहे. दस्तुरी नाक्याच्या पुढे खाजगी मोटारगाड्यांना बंदी आहे, त्यामुळे झाडांखालून निवांत चालता येते.

नेरळहून वर जाणारी छोटी गाडी तुम्ही चित्रात पाहिली असेल. तिचे रूळ अवघे दोन फूट रुंदीचे. हा मार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधला. पैसा त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांचा, सुमारे सोळा लाख रुपये. १९०७ साली गाडी सुरू झाली. वाटेतल्या एका स्टेशनचे नाव जुम्मापट्टी आहे! पण एवढ्या लहान गाडीत आपल्या ४३ जणांना एकदम जागा मिळेल, असे धरून चालू नका. पावसाळ्यात तर नेरळ ते अमन लॉज हा भाग बंदच असतो. आखणी करताना जे नक्की मिळेल तेच धरावे.

आता वेळापत्रक. बहुतेक मुले सकाळपासून लिहायला लागतात : सातला निघायचे, आठला पोहोचायचे, नऊला नाश्ता. असे वेळापत्रक दुपारनंतर हमखास कोलमडते. सहलीचे वेळापत्रक शेवटाकडून लिहावे. तुम्ही उर्दू उजवीकडून लिहिता, म्हणून तुम्हांला हे जड जाऊ नये!

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मगरिबच्या आधी सर्वजण घरी हवेत, म्हणजे साडेपाचला गाडी खोपोलीला लागली पाहिजे. कर्जत ते खोपोली सुमारे अर्धा तास : पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि मग खोपोली. त्याआधी नेरळहून भिवपुरी रोडमार्गे कर्जतला यायचे, गाडी बदलायची, थोडे थांबायचे. म्हणून सव्वाचारला नेरळ सोडू. दस्तुरीहून टॅक्सीने नेरळला उतरायला अर्धा तास, शिवाय टॅक्स्या मिळेपर्यंतचा वेळ; म्हणून दस्तुरीला सव्वातीन. बाजारपेठेतून दस्तुरीपर्यंत चालत पाऊण तास, म्हणजे बाजारपेठेत अडीच. तलावापासून बाजारपेठेपर्यंत चढ आहे आणि पोट भरलेले आहे, म्हणून पाऊण तास धरू. तलाव सोडायची वेळ निघाली पावणेदोन.

आता सकाळची बाजू. सातला खोपोली सोडली तर तलावावर पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. हातात राहिले पावणेतीन तास. कागदावर हे दिसले की ‘सगळे पॉइंट पाहू’ हा हट्ट आपोआप सुटतो. तलाव आणि जवळचा एको पॉइंट, एवढे पुष्कळ झाले. जेवण आणि जोहरची नमाज यांनाही याच वेळात जागा द्यायची आहे. चटया कोण आणणार ते आत्ताच लिहून ठेवा. खोपोलीच्या गाड्या थोड्या आहेत. एक चुकली तर सगळे गणित चुकते. म्हणून आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन त्या दिवसाच्या वेळा विचारून या.

हे वेळापत्रक आणखी एका कामी येते. वर्गातल्या एखाद्या मुलीला घरून परवानगी मिळत नसते. ‘सगळ्याजणी जातात, मलाही जाऊ द्या,’ असे म्हणून वडिलांची काळजी मिटत नाही. त्यांच्या हातात कागद द्या : बरोबर कोणत्या बाई आहेत, किती वाजता कुठे असू, किती वाजता परत येऊ. घरची चिठ्ठी उर्दूत लिहा, म्हणजे दादीलाही वाचता येईल. एखाद्या घरी बाईंनी स्वतः जाऊन बोलावे. शाळेलाही शिक्षण खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. तो अर्ज मराठीत. भिऊ नका, त्यातले निम्मे शब्द तुमचेच आहेत : अर्ज, तारीख, मंजुरी, जबाबदारी, खर्च, रक्कम. एका शब्दाला मात्र जपा. उर्दूत ‘मुक़ाम’ म्हणजे जागा, ठिकाण. मराठीत ‘मुक्काम करणे’ म्हणजे रात्री राहणे. ‘आमचा मुक्काम तलावावर आहे’ असे लिहिलेत तर मुख्याध्यापक अर्ज परत पाठवतील!

पैशांकडे वळू. समजा, रेल्वे, टॅक्सी, माथेरानचा प्रवेशकर, जेवणाचे सामान आणि थोडी राखीव रक्कम मिळून माणशी १८० रुपये खर्च आला. चाळीस जणांचे ७,२०० रुपये. वर्गात अशी चार मुले आहेत की ज्यांच्या घरी हे पैसे या महिन्यात निघणार नाहीत. ती मुले तसे सांगत नाहीत. ‘मला बरे नाही,’ ‘मामाकडे लग्न आहे,’ असे काहीतरी सांगून सहलीच्या दिवशी घरी बसतात. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे सहलीच्या गोष्टी सांगतात, तेव्हा ती खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत असतात.

गणित सोपे आहे. ३६ जणांनी २०० रुपये दिले तर ७,२०० रुपयेच होतात. म्हणून पहिल्या दिवसापासून वर्गणी २०० रुपये सांगावी. नंतर ‘गरीब मुलांसाठी वीस-वीस रुपये द्या’ असे वर्गात म्हणू नये. ती मुले तेथेच बसलेली असतात. प्रत्येकाने बंद पाकीट वर्गशिक्षकांकडे द्यावे. चाळीस पाकिटे यावीत. कोणते पाकीट रिकामे होते, ते एकट्या शिक्षकांना कळावे. हिशेब मात्र सर्वांसमोर फळ्यावर लिहावा : जमा किती, खर्च किती, बाकी किती.

आता निघू. आठ-आठ मुलांचे पाच गट करा. प्रत्येक गटाला एक नायक. नायकाने गट मोजायचा आणि मोजताना स्वतःला विसरायचे नाही. हजेरी किती ठिकाणी घ्यायची? जेथे वाहन बदलते किंवा वाट फुटते, तेथे प्रत्येक वेळी : खोपोली, कर्जत, नेरळ, दस्तुरी, बाजारपेठ, तलाव, आणि परत येताना पुन्हा तीच ठिकाणे. मुलांना याचा कंटाळा येतो. येऊ द्या.

नेरळला टॅक्सीवाल्यांशी बोलायचे काम दोन धीट मुलांवर सोपवा.

“काका, दस्तुरीला माणशी किती घेता?”

“किती जण आहात?”

“त्रेचाळीस. चाळीस मुले आणि तीन शिक्षक. जरा कमी करा ना.”

“बरं, बघतो. पण सगळ्या गाड्या एकदम निघणार नाहीत हं.”

काकांचे शेवटचे वाक्य नीट ऐका. एका टॅक्सीत सहा जण धरले तर आठ टॅक्स्या लागतात. पहिली वर पोहोचते तेव्हा शेवटची कदाचित खालीच असते. म्हणून पहिल्या टॅक्सीत एक शिक्षक, शेवटच्या टॅक्सीत एक शिक्षक. वरच्या मुलांनी दस्तुरीलाच थांबायचे. माकडांना खाऊ दाखवायचा नाही आणि घोड्यांच्या मागे उभे राहायचे नाही.

चालताना सर्वांत हळू चालणारा गट पुढे ठेवा. आपण नेहमी उलटे करतो. दमदार मुले पुढे पळतात, मागच्यांसाठी थांबतात, आणि मागचे धापा टाकत पोहोचले की हे ताजेतवाने होऊन पुन्हा चालू लागतात. ज्याला विसाव्याची गरज आहे त्यालाच विसावा मिळत नाही! कुणाच्या पायात दोष असेल तर अमन लॉज ते माथेरान ही छोटी गाडी आणि पुढे घोडा, असा खर्च आधीच धरून ठेवा.

तलाव आला. झाडांची सावली पाण्यावर पडलेली असते आणि पाणी अगदी शांत दिसते. येथेच सर्वांत कडक नियम : पाण्यात कोणी उतरायचे नाही. गुडघाभरही नाही, आणि ‘मला पोहता येते’ म्हणणाऱ्यानेही नाही. काठचे दगड शेवाळलेले असतात, तळाशी गाळ असतो आणि खोली वरून कळत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी आपल्याच रायगड जिल्ह्यात, मुरुडच्या किनाऱ्यावर, पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी समुद्रात बुडाले. ते तुमच्यापेक्षा वयाने मोठे होते आणि त्यांचे शिक्षकही बरोबर होते. एकजण पाण्यात ओढला जातो, दुसरा त्याला धरायला जातो, मग तिसरा. तसा प्रसंग आलाच तर काठावर आडवे होऊन काठी, दोर किंवा ओढणी पुढे टाका, मोठ्याने हाका मारा, पण स्वतः उडी घेऊ नका. तुमच्या सामानात एक लांब दोर असलाच पाहिजे. यादीत तो बिर्याणीच्या डेगच्याच्या आधी लिहा.

हा तलाव माथेरानच्या लोकांना पिण्याचे पाणी देतो, हेही विसरू नका. त्यात हात-पाय धुऊ नका, भांडी विसळू नका. वुजूसाठी बाटलीतले पाणी घ्या आणि ते काठापासून दूर सांडू द्या. बाटल्या, पिशव्या, कागद सगळे परत न्यायचे. माथेरानला साधी साखरेची गोणीसुद्धा घोड्याच्या पाठीवर किंवा हमालाच्या डोक्यावरून येते. तुम्ही टाकलेला कचराही कुणाला तरी असाच वाहावा लागतो. प्रत्येक गटाजवळ एक रिकामी गोणी ठेवा. दस्तुरीला हजेरी घेताना मुलांबरोबर गोण्याही मोजा : मुले चाळीस, गोण्या पाच.

स्वाध्याय

१. सहलीचे वेळापत्रक शेवटाकडून का लिहावे?

२. तुमच्या वर्गात ५० मुले आहेत. माणशी खर्च १८० रुपये आहे. पाच मुले पैसे देऊ शकत नाहीत. वर्गणी किती सांगाल?

३. ‘मुक्काम’, ‘सहल’ या शब्दांचे उर्दू आणि मराठी अर्थ लिहून प्रत्येकी एक वाक्य करा.

४. मैत्रिणीचे वडील तिला सहलीला पाठवायला तयार नाहीत. बाई त्यांच्या घरी गेल्या. दोघांतील संवाद मराठीत लिहा.

५. तुमच्या गावाजवळचे एक तळे किंवा धरण निवडा. तेथील पाणी कोण पिते, ते मोठ्या माणसांना विचारून या आणि वर्गात सांगा.