उड्डाणापूर्वीची परीक्षा

विमान का उडते, हे आपण पदार्थविज्ञानात शिकतो. उडण्यापूर्वी वैमानिक जमिनीवर काय करतो, ते मी येथे सेस्ना १५२ या दोन आसनी विमानाच्या उदाहरणाने सांगतो.

इंजिन सुरू होताच प्रथम तेलाचा दाब पाहावयाचा. ३० सेकंदांत काटा हलला नाही, तर इंजिन ताबडतोब बंद करावयाचे. मग विमान सावकाश धावपट्टीकडे न्यावयाचे. वळण हाताने नव्हे, पायांखालच्या पेडलांनी घेतात. इंजिन बहुतेक या वाटेवरच तापते.

धावपट्टीपाशी विमानाचे तोंड वाऱ्याकडे करतात, कारण हे इंजिन हवेने थंड होते. ब्रेक दाबून फेरे मिनिटाला १७०० पर्यंत वाढवतात. चार सिलिंडरांना प्रत्येकी दोन स्पार्क प्लग असतात आणि ठिणगी पुरवणारे मॅग्नेटोही दोन. दोन्ही चालू असताना एक निकामी असला, तरी इंजिन चालतच राहते व दोष झाकला जातो. म्हणून आळीपाळीने एकेक बंद करून पाहतात. फेरे १२५ हून अधिक उतरू नयेत; दोहोंच्या उतारात ५० हून अधिक फरक नसावा.

फेरे मुळीच उतरले नाहीत तर? नवख्याला आनंद वाटेल. पण माझ्या मते धड्याचे मर्म येथेच आहे. बंद केलेला मॅग्नेटो बहुधा बंदच झालेला नसतो. मग किल्ली काढल्यावरही कोणी पंखा हाताने फिरविला, तर इंजिन अचानक सुरू होऊन प्राणावर बेतू शकते.

दोष जमिनीवर सापडला, तर विमान मागे फिरविता येते. आकाशात ती सवलत नाही.