परगावी बिनदुधाचे जेवण : एक टिपण

'शाकाहारी' या शब्दाचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे असे आपण धरून चालतो. परंतु परगावी जेवायला बसल्यावर हा शब्द किती सैल आहे ते कळते. दूध, दही, लोणी, तूप, मध हे सारे प्राण्यांपासून मिळणारे. तरी आपल्याकडे ते शाकाहारातच मोडतात. हेही वर्ज्य मानणाऱ्या आहाराला 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये रूढ झाला व डोनाल्ड वॉटसन यांनी सहकाऱ्यांसह त्याच वर्षी 'व्हीगन सोसायटी' स्थापन केली. कोणी अहिंसेच्या विचाराने दूध सोडतो, तर कोणाला ते पचत नाही. मोठ्या वयात दुधातील साखर पचविणारा घटक पुष्कळांच्या शरीरात कमी होतो. मी या दुसऱ्या वर्गातला. अभ्यासाच्या निमित्ताने आठवडाभर पुण्यात राहण्याचा योग आला, तेव्हा मानवतच्या माणसाला तेथे असे जेवण कोठे व कसे मिळते याची मी पद्धतशीर पाहणी केली. तिचा हा गोषवारा.

या शोधाला एक थोर पूर्वपीठिका आहे. १८८८ साली लंडनला गेलेले तरुण गांधी आईला दिलेल्या वचनापायी अर्धपोटी राहत आणि शाकाहारी खाणावळीच्या शोधात रोज मैलोगणती पायपीट करीत. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना तशी खाणावळ सापडली. तेथेच त्यांनी हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक विकत घेतले आणि आईच्या वचनाखातर पाळलेला शाकाहार त्यांच्या स्वतःच्या विचाराचा झाला. पुढे १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूधही सोडले. अधिक दुधासाठी गाईम्हशींवर होणाऱ्या क्रूर प्रकारांचे वर्णन त्यांच्या वाचनात आले होते. नंतरच्या गंभीर आजारात कस्तुरबांच्या सुचवण्यावरून त्यांनी शेळीचे दूध घेतले, पण त्याची खंत त्यांना कायम राहिली.

आता पुण्याकडे वळू. पहिला प्रकार खास व्हीगन उपाहारगृहांचा. येथे सोयाबीनचे किंवा बदामाचे दूध घातलेली कॉफी मिळते; पनीरऐवजी सोयाबीनचे 'टोफू' मिळते. पदार्थ चांगले असतात, शंकेला जागा नसते. पण विद्यार्थ्याच्या खिशाला ते रोज झेपणारे नाहीत. दुसरा प्रकार उडुपी हॉटेलांचा. इडली, सांबार, साधा उत्तप्पा बहुधा निर्धोक. मात्र डोसा लोण्यावर भाजतात का आणि चटणीत दही आहे का, हे विचारावे लागते. तिसरा थाळीच्या भोजनगृहांचा. तेथे फुलक्याला तूप लावूनच आणतात, कढी व श्रीखंड आग्रहाने वाढतात. जैन पद्धतीच्या जेवणात कांदा-लसूण व कंदमुळे नसतात; पनीर मात्र असते. उपवासाच्या थाळीचेही तसेच: साबुदाण्याची खिचडी पुष्कळदा तुपात परतलेली.

चौथा प्रकार पिठले-भाकरी केंद्रांचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. ज्वारीची भाकरी, तेलातले पिठले, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. यात दुधाचा थेंब नाही. १९९५ साली राज्य शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे उघडली होती. पुढे ती योजना बंद पडली. पण 'व्हीगन' शब्द न उच्चारता शासनाने गावोगावी व्हीगन भोजनालये काढली होती असे म्हणता येईल! आपल्या घरचा सुशीला, येसराची आमटी, अंबाडीची भाजी, हुलग्याची शेंगोळी हेही सारे याच पंगतीतले.

सावध राहावे अशा काही जागा सांगतो. वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहून फसू नये. दुधाचे पदार्थही त्यात येतात. व्हीगन पदार्थांसाठी केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या नियमांनुसार वेगळे चिन्ह ठरविले आहे, ते हिरव्या 'व्ही' अक्षराचे. वनस्पती तूप नावाने तूप असले तरी ते तेलापासून होते. मात्र तेवढ्याने ते आरोग्याला हितकर ठरत नाही. आणखी एक गोष्ट पोषणाची. शंभर ग्रॅम दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच नाचणीत सुमारे ३५० आणि तिळात हजाराहून अधिक. तिळातले सगळे अंगी लागत नाही, हे खरे. तरी कॅल्शियमसाठी दुधावाचून अडत नाही. ब-१२ जीवनसत्त्व मात्र वनस्पतींतून मिळत नाही. दूधही सोडणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ते वेगळे घेतलेच पाहिजे.

येथे एक प्रश्न मला टाळता येत नाही. कोरडवाहू मुलखात पीक बुडाले की दारची म्हैस घर चालवते. अशा शेतकऱ्याला दूध हे पाप आहे असे सांगण्याचा अधिकार मला वाटत नाही. पण दुसरीही बाजू आहे. मराठवाड्यात ज्वारीची व करडईची जागा सोयाबीनने आणि कापसाने घेतली. आपले सोयाबीन तेलाच्या कारखान्यात जाते, पेंड जनावरांच्या खाद्यात जाते. आणि त्याच सोयाबीनचे दूध व टोफू शहरात महाग विकले जाते. ही प्रक्रिया मानवत-परभणीकडे का होऊ नये? परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीचा 'परभणी मोती' आणि करडईचा 'परभणी कुसुम' हे वाण दिले. बियाणे आपले, जमीन आपली. उणीव आहे ती बाजारपेठेची आणि आपल्या ताटाविषयीच्या अभिमानाची.

म्हणून एक लहानशी सूचना करून थांबतो. आपल्या कँटीनच्या फलकावर प्रत्येक पदार्थापुढे तो तेलातला की तुपातला, आणि त्यात दूध-दही आहे का, एवढे लिहावे. आणि आठवड्यातून एक दिवस भाकरी-पिठले ठेवावे. खर्च खडूचा, आणि सोय कोणाचीही.