सौर बंब आणि गोबरगॅस : सवलत नेमकी कोणाला?

महाड-पोलादपूर भागात नवे घर बांधणारे आणि महामार्गालगत हॉटेल, लॉज चालविणारे बंधू आम्हांस एक प्रश्न नेहमी विचारतात : सौर बंब बसविला तर सरकार किती पैसे देते? बंबासाठी केंद्राचे रोख अनुदान आता मिळत नाही. राष्ट्रीय सौर अभियानातील हे अनुदान 1 ऑक्टोबर 2014 पासून बंद झाले. तरीही 'सबसिडी मागाहून येईल' या भरवशावर आजही ऑर्डरी दिल्या जातात. 2024 साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे गोंधळ वाढला आहे. तीन किलोवॅटसाठी 78,000 रुपये हे त्या योजनेचे अनुदान छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे. पाणी तापविणाऱ्या बंबाशी त्याचा संबंध नाही.

व्यावसायिकांसाठी मात्र आयकरातील घसाऱ्याची वाट उघडी आहे. साध्या यंत्रसामग्रीवर वर्षाला 15 टक्के घसारा मिळतो, सौर बंबावर 40 टक्के. (2017 पूर्वी 80 टक्के होता.) समजा, पोलादपूरच्या एखाद्या लॉजमालकाने एक लाखाची यंत्रणा घेतली. पहिल्या वर्षी 40,000 रुपये करपात्र उत्पन्नातून वजा होतील. तो 30 टक्के दराने कर भरत असेल, तर उपकर सोडून 12,000 रुपये वाचतील. दुसऱ्या वर्षी उरलेल्या 60,000 वर 40 टक्के, म्हणजे 24,000 वजा होतील.

यात दोन मेख आहेत. हिशेबाची वह्यापुस्तके न ठेवता उलाढालीवर अंदाजित नफा दाखवून विवरणपत्र भरणाऱ्यास हा घसारा वेगळा मिळत नाही. आपल्याकडचे कितीतरी छोटे हॉटेलवाले याच पद्धतीने विवरणपत्र भरतात. शिवाय यंत्रणा त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली गेली, तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. पाऊस संपल्यावर, दिवाळीनंतर काम काढण्याची आपली रीत येथे नडते. एप्रिल-मेमध्ये बंब चढविला तर पूर्ण 40,000, नोव्हेंबरात चढविला तर 20,000! याखेरीज सौर बंबावरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. हा लाभ घरगुती ग्राहकासही मिळतो, तेव्हा पावतीवरील दर पाहून घ्यावा.

घरासाठी बंब घ्यावा काय? शंभर लिटरचा बंब वर्षाला 1,500 युनिटपर्यंत वीज वाचवितो, असे सांगितले जाते. कोकणात तेवढा आकडा धरू नये. पावसाचे चार महिने ऊन नाही आणि उन्हाळ्यात कढत पाणी लागत नाही. रोज खोल्या भरणारे लॉज किंवा प्रसूतिगृह यांना तो परवडतो. चार माणसांच्या घराने घाई करू नये, असे आमचे मत आहे. कौलारू छपरावर तर भरलेल्या टाकीच्या वजनाचाही विचार हवा.

ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत, त्यांच्यासाठी गोबरगॅस अधिक सोयीचा. 1981-82 पासून केंद्र यासाठी साहाय्य देत आले. नोव्हेंबर 2022 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात आपल्याकडील सर्वसाधारण लाभार्थ्यास एक घनमीटरच्या संयंत्रास 9,800 आणि दोन ते चार घनमीटरला 14,350 रुपये ठरले. तो टप्पा 2025-26 पर्यंतचा होता. म्हणून खड्डा खणण्यापूर्वी पंचायत समितीच्या कृषी विभागात चालू वर्षाचा दर आणि तालुक्याचा लक्ष्यांक शिल्लक आहे काय, हे विचारावे. पैसे बांधकाम व तपासणी झाल्यावर येतात, म्हणजे सुरुवातीचा खर्च पदरचाच. दोन घनमीटरला रोज सुमारे 50 किलो शेण लागते. त्यातून महिन्याला अदमासे 25 किलो सिलिंडरच्या गॅसइतके इंधन मिळते. आपली गावठी गाय जर्सीइतके शेण देत नाही, हे धरूनच आकार ठरवावा. आणि सावित्रीकाठच्या वाचकांनी जागा उंचावर निवडावी : 22 जुलै 2021 च्या पुरात पाणी कोठवर चढले होते, ती खूण पाहूनच खड्ड्याची आखणी करावी.