पब्लिकन : गुत्तेवाला की जकातदार?



नववीच्या मुलांना इंग्रजीच्या जादा वाचनासाठी बायबलमधील एक छोटी दृष्टांतकथा दिली होती. दोन माणसे मंदिरात प्रार्थनेला जातात. एक असतो परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, आणि दुसरा असतो 'पब्लिकन'. हा शब्द नवा होता म्हणून मुलांनी शब्दकोश उघडला. पहिलाच अर्थ मिळाला : पब चालवणारा. त्यामुळे बऱ्याच वह्यांत एक धार्मिक माणूस आणि एक दारूच्या गुत्त्याचा मालक मंदिरात गेले.

मुलांनी आळस केला असे आम्ही म्हणणार नाही. शब्दकोश पाहणारा विद्यार्थी आम्हाला नेहमीच आवडतो. पण शब्दाला वय असते, आणि कोशातला पहिला अर्थ बहुधा आजचा असतो. बायबलचे जे इंग्रजी भाषांतर राजा जेम्सच्या नावाने प्रसिद्ध आहे ते १६११ सालचे. त्या वेळी पब्लिकन या शब्दाला 'पबचा मालक' हा अर्थ मुळी आलेलाच नव्हता. तो अठराव्या शतकातला. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' नाटकात शायलॉक अँटोनियोला मनातल्या मनात पब्लिकन म्हणतो, तेव्हा त्याच्याही डोळ्यांपुढे पब नसतो.

मग पब्लिकन म्हणजे कोण? त्यासाठी रोमला जावे लागेल. लॅटिन भाषेत 'पुब्लिकुम' म्हणजे जे सर्वांचे, राज्याचे, म्हणून सरकारी महसूलही. तो महसूल वसूल करण्याचा मक्ता जो घेई तो 'पुब्लिकानुस'. रोमन प्रजासत्ताकाकडे पगारी वसुली कारकून फारसे नव्हते. म्हणून प्रांताचा कर लिलावाला निघत असे, साधारण पाच वर्षांसाठी. सिनेटच्या सभासदांना अशा मक्त्यांत पडण्याची मनाई होती, त्यामुळे त्यांच्या खालोखालचा धनिक वर्ग कंपन्या काढून बोली लावी. इ.स.पू. १२३ मध्ये गायस ग्राकस याने आशिया प्रांताच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागाच्या, कराचा लिलाव रोममध्येच करण्याचा कायदा केला. एवढा मोठा प्रांत म्हटल्यावर बोलीही मोठी. एकदा तर एका कंपनीने भलतीच मोठी बोली लावली आणि पुढे वसुली झेपेना. इ.स.पू. ५९ मध्ये ज्यूलियस सीझर कॉन्सल असताना त्याने या मक्तेदारांना एक तृतीयांश रक्कम माफ केली. माफी मिळाली ती मक्तेदारांना, शेतकऱ्यांना नव्हे, हे लक्षात घ्या.

यातला हिशेब सातवीच्या मुलालाही समजेल. समजा सरकारला एका गावाकडून शंभर रुपये हवेत. मक्तेदार ते देण्याचे कबूल करतो. आता शंभर तर वसूल झालेच पाहिजेत, वर त्याचा खर्च, वर नफा. तो खाली पोटमक्तेदार नेमतो, त्यालाही नफा हवा. नाक्यावर बसणाऱ्या शेवटच्या माणसाने किती घ्यायचे? दर पाटीवर लिहिलेला नसेल तर देणाऱ्याचा चेहरा पाहून घ्यायचे. शंभर रुपयांच्या करासाठी गाव दीडशे देते, आणि ही लूट आहे असे कोणत्याही कागदावर दिसत नाही.

येशूच्या काळातील पॅलेस्टाईनमध्ये रोमच्या त्या बड्या कंपन्या राहिल्या नव्हत्या. जमिनीचा आणि डोईपट्टीचा कर वेगळ्या मार्गाने गोळा होई. रस्त्यावरची, पुलावरची, बाजारातली जकात मात्र स्थानिक माणसांना मक्त्याने दिली जात असे. अशा माणसासाठी ग्रीक बायबलमध्ये 'तेलोनेस' हा शब्द आहे. लॅटिन भाषांतरात त्याचा पुब्लिकानुस झाला आणि तिथून तो इंग्रजीत आला. मराठी बायबलने 'जकातदार' म्हटले आहे, हिंदीत 'महसूल लेनेवाला' आणि नंतर 'चुंगी लेनेवाला' आले. आमच्या मते या बाबतीत मराठीने इंग्रजीपेक्षा चांगले काम केले आहे. नव्या इंग्रजी भाषांतरांत 'टॅक्स कलेक्टर' असते, पण त्याने एखादा पगारी बाबू डोळ्यांपुढे येतो. जकातदार म्हटले की नाका दिसतो, अडवलेली बैलगाडी दिसते.

मत्तय असाच एक जकातदार. कफर्णहूम हे गालील सरोवराकाठचे गाव, हेरोद अंतिपा याच्या राज्यात, शेजारच्या राज्याच्या सीमेजवळ. सीमा आली की जकात आलीच. येशूने बोलावले तेव्हा मत्तय नाका सोडून उठला आणि पुढे त्याच्या बारा शिष्यांपैकी एक झाला.

लोकांचा राग केवळ पैशांचा नव्हता. हा माणूस परका शिपाई नव्हता. आपल्याच गल्लीतला, आपलीच भाषा बोलणारा, आणि राज्यकर्त्यांच्या वतीने आपल्याच गाठोड्यात हात घालणारा होता. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात सांगितले आहे की जकातदाराच्या पेटीतून नाणी मोडून घेऊ नयेत आणि त्या पेटीतले दानही स्वीकारू नये. कारण उघड आहे : त्या पेटीतले पैसे खरे कोणाचे हे सांगता येत नाही.

आता पुन्हा ती दृष्टांतकथा वाचा. परूशी उभा राहून देवाला सांगतो की मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दहावा भाग देतो आणि त्या जकातदारासारखा नाही. जकातदार लांबच थांबतो, वर पाहत नाही, छाती पिटतो आणि फक्त दया मागतो. देवाच्या दृष्टीने नीतिमान ठरून घरी जातो तो हा दुसरा. जकातदाराच्या जागी गुत्तेवाला ठेवला तर कथा एका बदनाम धंद्याची होते, आणि धंदा बदनाम असला तरी माणूस चांगला असू शकतो एवढे म्हणून आपण पान उलटतो. जकातदार ठेवला की प्रश्न अवघड होतो. ज्यांना त्याने नाडले ते लोक त्याच मंदिरात, कदाचित दोन हातांवर उभे आहेत. मग नुसती छाती पिटून भागते का? त्यांचे पैसे कोण परत करणार?

वर्गात एका मुलीने नेमके हेच विचारले. प्रश्न बरोबर आहे. दृष्टांतकथेत त्याचे उत्तर नाही. पण लूकच्या शुभवर्तमानात ही कथा अठराव्या अध्यायात आहे आणि एकोणिसाव्याच्या आरंभीच जक्कय भेटतो. यरीहो शहर यार्देन नदीकडून यरुशलेमला जाणाऱ्या वाटेवर आहे, मालाची मोठी ये-जा. जक्कय तिथला मुख्य जकातदार आणि श्रीमंत. उंचीने ठेंगणा, म्हणून गर्दीतून येशू दिसावा यासाठी झाडावर चढतो. (हे झाड इंग्रजीत 'सिकामोर' आहे. इंग्लंडमध्ये सिकामोर म्हणतात ते झाड अगदी वेगळे. यरीहोचे झाड आपल्या उंबराच्या जातकुळीतले. म्हणजे एकाच गोष्टीत शब्दकोश दोनदा फसवू शकतो.) येशू त्याच्या घरी उतरतो आणि लोक कुरकुरतात. तेव्हा जक्कय म्हणतो की माझे अर्धे धन गरिबांना देतो आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. हे चौपट त्याच्या मनचे नाही. जुन्या ज्यू नियमशास्त्रात चोरलेल्या एका मेंढराबद्दल चार मेंढरे द्यावी लागत. म्हणजे कायद्याच्या आड मिळवलेल्या पैशाला जक्कयने स्वतःच चोरीचा दर लावला.

नाका सोड असे मात्र त्याला कोणी सांगितले नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे काही जकातदार आले तेव्हा त्यानेही धंदा सोडा म्हटले नाही. ठरवून दिले आहे त्यापेक्षा जास्त घेऊ नका, इतकेच म्हटले.

राहिला पबचा मालक. इंग्लंडमध्ये १५५२ च्या कायद्यापासून बिअरचे दुकान चालवायला स्थानिक न्यायदंडाधिकाऱ्यांचा परवाना लागू लागला. पुढे अशा घराला 'पब्लिक हाउस' नाव पडले, त्याचे 'पब' झाले, आणि ते चालवणाऱ्याला हा जुना शब्द येऊन चिकटला. त्या बिचाऱ्याचा जकातीशी संबंध नाही.

आपल्याकडे मात्र हे दोघे खरोखरच एकत्र आले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात परगण्यांचा वसूल जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला मक्त्याने दिला जाई, तो खाली पोटमक्त्याने जाई आणि शेवटी रयतेच्या मानेवर बसे. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात याचे वर्णन केले आहे. इंग्रजांनी अबकारीत तीच पद्धत चालवली : जिल्ह्यात दारू गाळण्या-विकण्याचा हक्क लिलावात घेणारा एकाच वेळी सरकारचा मक्तेदारही होता आणि दारू विकणाराही. म्हणून तर इथे मध्यप्रदेशात आपण दारूच्या दुकानाला सरळ 'ठेका' म्हणतो. दारूशी काहीएक संबंध नसलेला, निव्वळ कराराचा शब्द दुकानाचे नाव होऊन बसला!

आपल्या राज्यातली चुंगी १९७६ मध्ये बंद झाली, तरी जुन्या नाक्यांची नावे वस्त्यांना राहिली आहेत. महाराष्ट्रात शेवटची मोठी जकात मुंबईची, ती १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली. महामार्गावरच्या अनेक टोलनाक्यांची वसुली मात्र आजही बोली लावून घेतात. ठरलेली रक्कम सरकारी प्राधिकरणाकडे भरायची आणि वसुली ठेवायची. फरक इतका की दर मोठ्या फलकावर लिहिलेला असतो.

या महिन्याचा गृहपाठ : घरातल्या आजी-आजोबांना विचारून चुंगी, मक्ता, इजारा, ठेका, बैठकी, नाका या शब्दांचे त्यांनी ऐकलेले अर्थ वहीत उतरवा. हाट-बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींना बैठकी कोण घेतो, किती घेतो आणि पावती देतो का, हेही आठवी-नववीच्या मुलांनी विचारावे. पालकांनी सोबत जावे. वह्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. निवडक नोंदी पुढच्या अंकात छापू.