गंधाची पहिली ओळख

मातेचा चेहरा स्पष्ट दिसू लागण्यापूर्वीच अर्भक तिला गंधावरून ओळखू लागते. १९७५ मध्ये मॅकफार्लेन या संशोधकाने दाखवून दिले की, अवघ्या काही दिवसांचे बाळ दुसऱ्या स्त्रीच्या दुधाच्या कापडापेक्षा स्वतःच्या आईच्या कापडाकडे अधिक वेळ मान वळवते. इतर संवेदना प्रथम मेंदूतील थॅलॅमस या केंद्रात जातात. गंध मात्र भावना व स्मृती यांच्या केंद्रांशी थेट जोडलेला असतो. उंदराच्या पिलांवरील प्रयोगांत असे आढळले की, जन्मानंतरच्या आरंभीच्या दिवसांत स्पर्शासोबत आलेला गंध नॉरअॅड्रेनॅलिन या रसायनाच्या साहाय्याने मेंदूत ‘हवासा’ म्हणून ठसतो.

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर परिसरात अनेक माता पहाटेची लोकल गाठतात किंवा कारखान्यात जातात आणि बाळ आजीपाशी राहते. वालधुनीच्या काठी तर रसायनांचा दर्पही असतो. अशा घरांनी एवढे अवश्य करावे: जन्मताच बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरावे, तीव्र अत्तर व पावडर टाळावी आणि आई कामावर गेली असता तिची नेसून काढलेली साडी आजीने खांद्यावर घेऊन बाळाला कुशीत घ्यावे. साडी पाळण्यात मोकळी ठेवू नये. श्वास कोंडण्याचा धोका असतो. घरी परतलेल्या मातेने प्रथम बाळाला जवळ घ्यावे. इतर कामे थांबू शकतात.